शर्टांच्या कापडाने विमानाचा पंख शिवला आणि ऑस्ट्रेलिया गाठली : मेकॅनिक-वैमानिक एमी जॉन्सनची गोष्ट

मे १९३०. ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार. रंगूनजवळच्या इन्सीन गावात तुफान पाऊस सुरू होता. तिथल्या सरकारी तंत्रशाळेच्या मैदानावर एक छोटं हिरवं विमान उतरलं, थांबता थांबेना आणि शेवटी एका चरात जाऊन आदळलं.

प्रॉपेलर तुटला. चाकांचा सांगाडा वाकला. पंखाच्या आतली लाकडं मोडली आणि वरचं कापड फाटलं.

विमानातून एक २६ वर्षांची इंग्रज तरुणी बाहेर आली. एमी जॉन्सन. लंडनहून ऑस्ट्रेलियाला एकटीच निघालेली. विमान बनवणारी कंपनी हजारो मैल मागे राहिली होती. सोबत मेकॅनिक नव्हता. जवळपास विमानाचं वर्कशॉपही नव्हतं.

तरीही तीन दिवसांत ते विमान पुन्हा उडालं. पंखाला जे नवं कापड लावलं होतं, ते शर्ट उसवून काढलेलं होतं.

ऐकायला हा अगदी आपला जुगाड वाटतो ना? पण तो जुगाड नव्हता. तो का नव्हता, हे समजून घ्यायचं तर एमीची सगळी गोष्ट पाहावी लागते. आज जगभरात हलकी विमानं बाळगणाऱ्या लोकांना छळणाऱ्या एका प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. प्रश्न असा, की विमान बनवणारी कंपनी मदतीला नसेल, तर ते विमान सांभाळायचं कोणी आणि कसं?

मासळीच्या व्यापाऱ्याची मुलगी

एमीचा जन्म १ जुलै १९०३ चा, इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या शहरात. वडिलांचा मासळीचा व्यापार. घरचं बरं चाललेलं. एमीने शेफिल्ड विद्यापीठातून अर्थशास्त्र घेऊन पदवी मिळवली आणि पुढे लंडनमध्ये एका वकिलांच्या फर्ममध्ये सेक्रेटरीची नोकरी धरली.

म्हणजे टायपिंग, पत्रव्यवहार, फायली. विमानाशी दूरदूरचा संबंध नाही.

१९२८ मध्ये ती स्टॅग लेन या विमानतळावर गेली. लंडनच्या उत्तरेला असलेल्या या मैदानावर लंडन एरोप्लेन क्लब होता. तिथे तिने विमान उडवायला शिकायला सुरुवात केली. ती काही जन्मजात वैमानिक नव्हती. तिला शिकायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागला. विमान उतरवणं हा तर तिचा कच्चा विषय. पण जुलै १९२९ मध्ये तिने वैमानिकाचा परवाना मिळवला.

इथपर्यंतची गोष्ट त्या काळातल्या आणखी काही बायकांचीही होती. पैसेवाल्या घरातल्या महिला तेव्हा विमान उडवायला शिकू लागल्या होत्या. एमी वेगळी ठरली ती पुढच्या पावलामुळे.

ती हँगरमध्ये शिरली.

ग्रीसने माखलेले हात

जॅक हम्फ्रीज हे त्या क्लबचे मुख्य ग्राउंड इंजिनिअर. एमी त्यांच्या हाताखाली शिकू लागली. इंजिन खोलणं, व्हॉल्व्ह बघणं, स्पार्क प्लग साफ करणं, तेल बदलणं, पंखाच्या तारांचा ताण तपासणं. हे सगळं नोकरी सांभाळून. पुढे तर तिने नोकरीच सोडली आणि पूर्ण वेळ हँगरमध्ये घालवायला लागली.

हँगर म्हणजे तेव्हा निव्वळ पुरुषांची जागा. पण एमी रोज यायची, फरशी झाडण्यापासून पडेल ते काम करायची. हळूहळू तिथल्या लोकांनी तिला आपल्यातली मानलं. तिचं नावही जॉनी पडलं.

१९२९ च्या अखेरीस तिला ग्राउंड इंजिनिअरचा सी परवाना मिळाला. हा परवाना मिळवणारी ती पहिली ब्रिटिश महिला.

आता हा परवाना काय असतो?

वैमानिकाचा परवाना सांगतो की तुम्ही विमान उडवू शकता. ग्राउंड इंजिनिअरचा परवाना सांगतो की विमान उडण्यालायक आहे की नाही, हे ठरवून त्यावर सही करायचा अधिकार तुम्हाला आहे. सी परवान्यात इंजिनाची तपासणी यायची. हा फरक लक्षात ठेवा, कारण एमीच्या सगळ्या प्रवासात हाच फरक तिच्या कामी आला.

सेकंड हँड विमान

ऑस्ट्रेलियाला एकटीने जायचं तिने ठरवलं, तेव्हा तिच्याकडे विमान नव्हतं. उड्डाणाचा अनुभव शंभर तासांपेक्षा कमी होता. लंडन ते हल, म्हणजे स्वतःच्या गावापर्यंत, हा तिचा तोवरचा सगळ्यात लांबचा प्रवास.

शेवटी ६०० पौंडांना एक वापरलेलं विमान घेतलं. निम्मे पैसे वडिलांनी दिले. निम्मे लॉर्ड वेकफिल्ड या तेलउद्योजकाने दिले. कॅस्ट्रॉल हे इंजिन ऑइल आपल्याकडेही सगळ्यांना माहीत आहे, ते याच वेकफिल्ड यांच्या कंपनीचं. विमानाला एमीने जेसन हे नाव दिलं. तो तिच्या वडिलांच्या धंद्यातल्या मालाचा ट्रेडमार्क होता.

विमान होतं डी हॅविलंड कंपनीचं जिप्सी मॉथ. दोन सीट, एकावर एक दोन पंख, लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड आणि पुढे १०० हॉर्सपॉवरचं चार सिलिंडरचं इंजिन. ना रेडिओ, ना डोक्यावर छप्पर. तेव्हा ही नावं नव्हती, पण आज आपण ज्याला हलकं स्पोर्ट विमान म्हणतो, त्याचा हा पणजोबाच.

या मॉथच्या इंजिनाचा किस्साही आपल्या विषयाशी जोडलेला आहे. १९२५ मध्ये पहिलं मॉथ उडालं तेव्हा त्यात सिरस नावाचं इंजिन होतं. फ्रँक हॅलफर्ड या इंजिनिअरने ते पहिल्या महायुद्धातून उरलेल्या रेनॉल्ट इंजिनांचे भाग वापरून बनवलं होतं. इंजिन स्वस्त पडायचं, कारण भाग भंगाराच्या भावात मिळायचे. पण युद्धाचा उरलेला माल किती दिवस पुरणार? मॉथची मागणी वाढली आणि इकडे माल संपत आला. तेव्हा डी हॅविलंडने हॅलफर्ड यांच्याकडूनच नवं इंजिन बनवून घेतलं. तेच जिप्सी.

म्हणजे स्पेअर पार्ट कुठून येणार, ही चिंता या विमानाच्या जन्मापासून त्याच्यासोबत होती.

एमीने या चिंतेवर एक साधा उपाय केला. जास्तीचा एक प्रॉपेलर तिने विमानाच्या अंगाला बाहेरून बांधून घेतला. हत्यारं सोबत घेतली. इंधनाच्या जास्तीच्या टाक्या बसवून घेतल्या. त्या टाक्यांतलं पेट्रोल वरच्या टाकीत चढवायला हातपंप होता. उडता उडता एका हाताने तो मारत राहायचा.

५ मे १९३० रोजी ती लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून निघाली.

दिवसा वैमानिक, रात्री मेकॅनिक

व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, अलेप्पो, बगदाद, बंदर अब्बास, कराची. दिवसभर उघड्या कॉकपिटमध्ये ऊन आणि वारा खात उडायचं. संध्याकाळी उतरलं की इतर वैमानिक आराम करतात. एमीची दुसरी पाळी तेव्हा सुरू व्हायची. इंजिन ऑइल काढून नवं भरायचं, फिल्टर धुवायचे, प्लग तपासायचे, टाक्या भरून घ्यायच्या. मग जेमतेम काही तास झोप आणि पहाटे पुन्हा उड्डाण.

बगदादच्या अलीकडे वाळूच्या वादळाने तिला वाळवंटात उतरायला भाग पाडलं. वारा विमान उडवून नेईल म्हणून तिने चाकांमागे सामान लावलं आणि पिस्तूल घेऊन वादळ थांबायची वाट बघत बसली. बगदादला उतरताना चाकांच्या सांगाड्याचा आधार तुटला. तो रातोरात दुरुस्त झाला.

१० मे रोजी ती कराचीला पोहोचली. सहा दिवसांत. १९२८ मध्ये बर्ट हिंकलर या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने हाच प्रवास एकट्याने केला होता. कराचीपर्यंत एमी त्याच्या दोन दिवस पुढे होती. तोवर फारसं कुणी दखल घेत नव्हतं. आता जगभरच्या वर्तमानपत्रांत तिचं नाव पहिल्या पानावर आलं.

तिथून पुढे अलाहाबादला जायचं होतं, पण इंधन कमी पडलं आणि तिला झाशीला उतरावं लागलं. लष्कराच्या परेड ग्राउंडवर विमान उतरलं, बराकींमध्ये घुसलं आणि पंख मोडला. लष्करातल्या लोकांच्या आणि गावातल्या सुताराच्या मदतीने पंख नीट झाला.

गंमत म्हणजे त्याच महिन्यात, याच मार्गावर आणखी दोन जिप्सी मॉथ उडत होती. आगा खान यांनी भारत-इंग्लंड एकट्याने उडणाऱ्या भारतीयासाठी बक्षीस लावलं होतं. मुंबईचे जेआरडी टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले होते आणि तरुण अ‍ॅस्पी इंजिनिअर इंग्लंडहून भारताकडे येत होते. इजिप्तमध्ये अबूकीर इथे दोघांची गाठ पडली. अ‍ॅस्पी स्पार्क प्लगसाठी अडून बसले होते. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग त्यांना दिले. अ‍ॅस्पी स्पर्धा जिंकले, पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुखही झाले. एका छोट्या प्लगसाठी स्पर्धा अडावी, असा तो काळ होता.

शर्ट आणि पंख

आता पुन्हा इन्सीनला येऊ.

विमान चरात होतं. मैदान तंत्रशाळेचं होतं, हे एमीचं नशीब. शिक्षक आणि विद्यार्थी धावून आले. तुटलेल्या प्रॉपेलरच्या जागी तिने सोबत आणलेला प्रॉपेलर बसवला. चाकांच्या सांगाड्याचे भाग वर्कशॉपमध्ये दुरुस्त झाले. पंखाच्या आतल्या मोडलेल्या लाकडी फासळ्या नव्याने बनवल्या गेल्या.

अडलं ते कापडावर.

विमानाच्या पंखाचं कापड म्हणजे साधं कापड नसतं. ते घट्ट विणलेलं लिनन असतं. ते फासळ्यांवर शिवतात आणि त्यावर डोप नावाचं रसायन लावतात. डोप वाळताना कापड आक्रसतं आणि ढोलाच्या पानासारखं ताणून बसतं. त्यामुळेच पंखाचा आकार टिकतो. कापड ढिलं पडलं किंवा उडताना फाटलं, तर विमान हवेत राहत नाही.

असं कापड इन्सीनमध्ये कुठून मिळणार? पण मिळालं. पहिलं महायुद्ध संपल्यावर विमानासाठी बनवलेलं लिनन शिल्लक राहिलं होतं आणि त्याचे शर्ट शिवले गेले होते. ते शर्ट गोळा केले, उसवले आणि त्याच कापडाने पंख झाकला. डोपही तिथल्या तिथे बनवून घेतलं.

आता सुरुवातीचा प्रश्न. हा जुगाड का नव्हता?

कारण शर्ट दिसायला शर्ट असले, तरी कापड विमानाचंच होतं. एमीने मिळेल ते कापड लावलं नाही. त्या जागी कोणत्या गुणाचं कापड लागतं, हे तिला माहीत होतं, आणि तोच गुण तिला शर्टांत सापडला. प्रत्येक काम तिने स्वतःच्या हाताने केलं असंही नाही. सुतारकाम, शिवणकाम, लोहारकाम करणारी माणसं वेगळी होती. पण काय मागायचं, केलेलं काम पुरेसं आहे की नाही आणि या पंखावर जीव टाकायचा की नाही, हे ठरवणारी ती होती. हँगरमध्ये घालवलेल्या दिवसांनी तिला हे शिकवलं होतं.

विक्रमाची संधी मात्र इथेच गेली. पुढे बँकॉक, सिंगापूर, मग जावा. जावामध्ये एका साखर कारखान्याच्या आवारात उतरताना बांबूच्या खुंटांनी पंखाला भोकं पाडली. ती तिने जखमेवर लावायच्या चिकटपट्टीने बुजवली. भोकं लहान होती, फासळ्या शाबूत होत्या, म्हणून तेवढं चाललं.

२४ मे १९३० रोजी ती डार्विनला उतरली. साडेएकोणीस दिवस, सुमारे १८ हजार किलोमीटर. हिंकलरचा साडेपंधरा दिवसांचा विक्रम मोडला नाही. पण इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने उडत जाणारी ती पहिली महिला ठरली. ब्रिटिश सरकारने तिला सीबीई हा किताब दिला. डेली मेलने १० हजार पौंड दिले.

आणि पाचच दिवसांनी, ब्रिस्बेनला हजारो लोकांसमोर उतरताना तिने विमान पुन्हा आपटलं. लँडिंग तिचा कच्चा विषय तो कच्चाच राहिला होता.

बसचं पेट्रोल

१९३१ मध्ये एमी सायबेरियामार्गे टोकियोला गेली, तीही विक्रमी वेळेत. या वेळी सोबत होते जॅक हम्फ्रीज, हँगरमधले तिचे गुरू. १९३२ मध्ये तिने जिम मॉलिसन या प्रसिद्ध वैमानिकाशी लग्न केलं आणि त्याच वर्षी केपटाऊनपर्यंतचा नवऱ्याचाच विक्रम मोडला.

१९३४ मध्ये इंग्लंड ते मेलबर्न अशी मोठी हवाई शर्यत झाली. मॉलिसन दांपत्य डी हॅविलंडच्या कॉमेट या खास शर्यतीसाठी बनवलेल्या विमानात बसलं. कराचीपर्यंत ते सगळ्यात पुढे होते. मग वाट चुकली आणि विमान जबलपूरला उतरलं.

तिथे त्या इंजिनांना लागणारं विमानाचं पेट्रोल नव्हतं. बस कंपनीकडे होतं ते पेट्रोल भरलं.

जिप्सी मॉथचं साधं इंजिन एक वेळ अशा पेट्रोलवर चाललं असतं. पण कॉमेटची इंजिनं शर्यतीसाठी जास्त कॉम्प्रेशनची बनवलेली होती. अशा इंजिनात हलक्या प्रतीचं पेट्रोल वेळेआधीच भडकतं, उष्णता वाढते आणि पिस्टन खराब होतात. तेच झालं. कसंबसं अलाहाबाद गाठलं आणि शर्यत तिथेच संपली.

इन्सीनचे शर्ट आणि जबलपूरचं पेट्रोल या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे मूळ वस्तू नव्हती. दोन्हीकडे हाताशी होतं ते वापरलं. पण शर्टाच्या कापडात लागणारा गुण होता, बसच्या पेट्रोलमध्ये नव्हता. पर्याय आणि जुगाड यातला फरक एवढाच असतो. हवेत मात्र हा फरक जीवावर बेतू शकतो.

एमी पुढे ब्रिटनमधल्या विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटीची अध्यक्ष झाली. मुलींनी इंजिनिअरिंगमध्ये यावं यासाठी तिने काम केलं. १९३८ मध्ये मॉलिसनशी घटस्फोट झाला. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर ती एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरीमध्ये गेली. कारखान्यांतून आणि तळांवरून हवाई दलाची विमानं इकडून तिकडे पोहोचवायचं काम ही संस्था करायची.

५ जानेवारी १९४१ रोजी ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या तळावर ती एक एअरस्पीड ऑक्सफर्ड विमान घेऊन निघाली. हवामान वाईट होतं. ती वाट सोडून खूप दूर, टेम्सच्या मुखाशी पोहोचली आणि पॅराशूटने थंडगार पाण्यात उतरली. हेझलमियर या जहाजाचे कॅप्टन वॉल्टर फ्लेचर यांनी पाण्यात उडी घेतली. त्यात त्यांचाही जीव गेला. एमीचा मृतदेह कधीच सापडला नाही. तेव्हा ती ३७ वर्षांची होती.

आजचा प्रश्न तोच आहे

२००४ मध्ये अमेरिकेने हलक्या स्पोर्ट विमानांसाठी वेगळे नियम आणले. दोन सीट, ६०० किलोपर्यंत वजन, सोपी रचना. मोठ्या विमानांसारखं सरकारी प्रमाणपत्र घेण्याऐवजी, विमान ठरलेल्या मानकांनुसार बनवल्याचं कंपनीनेच लिहून द्यायचं. विमानं स्वस्त झाली, अनेक छोट्या कंपन्या आल्या.

पण यात एक अडचण होती. देखभालीचं मॅन्युअल कंपनीचं. सुरक्षेच्या सूचना काढणार कंपनी. विमानात छोटा बदल करायचा तरी परवानगी कंपनीची. मग कंपनीच बंद पडली तर? विमान धडधाकट असलं तरी सही कोण देणार?

यावर तिथे एक वाट ठेवलेली आहे. मालक आपलं विमान प्रायोगिक गटात नोंदवून घेऊ शकतो. मग कंपनीच्या परवानगीवाचून दुरुस्ती आणि बदल करता येतात. १६ तासांचा कोर्स करून मालक स्वतःच्या विमानाची वार्षिक तपासणीही करू शकतो. बदल्यात ते विमान भाड्याने देण्यावर, व्यवसायासाठी वापरण्यावर मर्यादा येतात. आणि जबाबदारी सगळी मालकाच्या डोक्यावर येते.

हीच जबाबदारी एमीने १९२९ मध्ये स्वतःहून उचलली होती. म्हणून असं विमान बाळगणाऱ्याने एमीच्या सवयी बघाव्यात. कंपनी चालू आहे तोवरच मॅन्युअल, नकाशे आणि सूचना जमवून ठेवायच्या. जो भाग तुटला की सगळंच अडेल, तो आधीच घेऊन ठेवायचा, एमीच्या प्रॉपेलरसारखा. प्रत्येक कामाची नोंद ठेवायची. पर्यायी भाग लावण्याआधी मूळ भाग तिथे काय काम करत होता, हे समजून घ्यायचं. आणि ते समजत नसेल, तर विमान जमिनीवर ठेवायचं.

एमीचं जेसन आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये छताला टांगलेलं आहे. वाळवंटात, झाशीत, इन्सीनमध्ये आणि जावामध्ये दर वेळी वेगळ्या हातांनी सांधलेलं ते विमान एमीनंतरही टिकून आहे.